पुरात भिजलेली हार्ड डिस्क
हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय तबकड्यांवर साठवलेली असते आणि ती वाचणारे हेड (सूक्ष्म वाचक) तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतरावरून सरकते. जुलै २०२१मध्ये जगबुडी नदीचे पाणी रत्नागिरी जिल्ह्यातील खेडच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात बुडालेली डिस्क वाळवून, संगणकाला जोडून पाहिल्यास बिघाड कळतो, हा समज स्वाभाविक असला तरी माहितीच्या मुळावर येणारा आहे. बहुतेक डिस्कच्या आवरणाला हवेचा दाब समतोल ठेवणारे छिद्र असते, त्यातून गढूळ पाणी आत गेले, तर ते सुकल्यावरही गाळ तबकडीवर राहतो आणि डोळ्यात कण असताना डोळा चोळल्यास बुबुळावर ओरखडा उठावा, तसा मिनिटाला ५,४०० ते ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा थर खरवडला जातो. म्हणून अशा डिस्कचे निदान वीज न देताच, ती निर्धूळ कक्षात उघडून आणि स्वच्छ करून होते. तोवर ती ओलीच, बंद पिशवीत ठेवावी.