दमेकरी लेकरू पुन्हा पुन्हा दवाखान्यात का जाते?



जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात मशीनची वाफ दिली, लेकराची धाप बसली, की आपण घरी येतो. थोड्या दिवसांनी पुन्हा तीच धावपळ. ही वेळ कोणत्या लेकरावर परत येईल, हे बऱ्याचदा आधी ओळखता येते. वस्तीत आम्ही आयांना पाच प्रश्न विचारतो.

1. गेल्या वर्षभरात धापेसाठी तातडीने दवाखाना गाठावा लागला का, भरती करावे लागले का?
2. आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागतो का? वर्षात असे 3 पंप संपले का?
3. खोकल्याने रात्री झोपमोड होते का?
4. डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप मध्येच बंद केला का?
5. घरात चुलीचा, विडीचा धूर असतो का?

जितके 'हो' जास्त, तितका धोका जास्त. पहिल्याच प्रश्नाला 'हो' असेल, तर पुढच्या झटक्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

दम्यात श्वासनलिका आतून सुजतात. आरामाचा पंप त्या तेवढ्यापुरत्या उघडतो. सूज उतरते ती रोजच्या पंपाने. 'पंपाची सवय लागते' म्हणून तो थांबवला, की सूज वाढत जाते. मग सर्दीचे निमित्तही पुरते.

पंप स्पेसर लावूनच द्या. विकतचा परवडत नसेल तर नर्सताईंकडून प्लास्टिकच्या बाटलीचा करून घ्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीचा स्पेसर विकतच्याइतकाच चालतो, हे केपटाउनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवले आहे. लेकराला चुलीपासून लांब ठेवा. वंदनेला मेणबत्ती पुरे, अगरबत्तीचा धूर नको.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघालात, तर केसपेपर आणि दोन्ही पंप बरोबर घ्या. पुरेल इतके औषध आधीच मागा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्यांना लेकराची धाप आवर्जून सांगा. तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

लेकराला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडले असतील किंवा ते सुस्त झाले असेल, तर लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला बसते ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आरामाचा पंप देत राहा.