जाड भिंतींचे घर आणि बिनतारी इंटरनेट

ऊन, पाऊस आणि चोर यांपासून रक्षण व्हावे म्हणून आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली. भिंत जितकी जाड तितके घर भले, असा त्यांचा हिशेब होता आणि तो खोटाही नव्हता. वैशाखात अशा घरात पाऊल टाकावे, तर अंग निवते. परंतु आज त्याच भिंतींपाशी इंटरनेट अडून बसते. ओसरीवर सारे सुरळीत चालते, आणि मागल्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर मात्र चाक फिरत राहते. मग घरात एकच निर्णय होतो : यंत्र वाईट आहे, दुसरे महागाचे आणावे. आमचे वाचकांस सांगणे असे, की पैसा खर्चण्यापूर्वी आपली भिंत ओळखावी.

उज्जैनचेच उदाहरण घेऊ. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी हे नगर आपली राजधानी केले, आणि दक्षिणेतील अनेक मराठी कुटुंबे क्षिप्रेच्या काठी वसली. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली, तरी उज्जैनची मराठी वस्ती राहिलीच. आपल्या ख्रिस्तसभेचेही तेथे कार्य आहे. १९७७ साली उज्जैन हा सिरो-मलबार धर्मप्रांत झाला. तेथील जुन्या वाड्यांची रचना आपल्या खेड्यांतील थोरल्या घरांना अपरिचित नाही. पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर, आणि दगड-विटा-चुन्याच्या हातभर जाडीच्या भिंती. इंटरनेटची तार गल्लीतल्या खांबावरून येते. कारागीर ती दारातून आत घेतो आणि जवळच्याच भिंतीवर राउटर ठोकून मोकळा होतो. त्याला तेच सोयीचे असते. घराला मात्र ते सोयीचे नसते.

असे का व्हावे? राउटरमधून ज्या लहरी निघतात, त्या रेडिओच्याच जातीच्या असतात. भिंतीतून त्या जाऊ शकतात, ही गोष्ट नवी नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा अदृश्य लहरी मधल्या भिंतींतून पलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. या थोर शास्त्रज्ञास पदार्थविज्ञानाची गोडी लावली ती कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरू फादर लाफों यांनी, हे आपण अभिमानाने स्मरावे.

तथापि प्रत्येक भिंत लहरीचे काही बळ काढून घेते. लाकडी दार किंवा पातळ फळी फारसे घेत नाही. विटांची भिंत काही घेते, जाड दगडी भिंत पुष्कळ घेते, आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहूनही कठीण. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक शोषते, कारण पाणी या लहरी गिळते. पत्र्याचे कपाट व मोठा आरसा त्यांना मागे फिरवितात.

लहरींचेही दोन प्रकार आहेत. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिलीची लहर सुमारे बारा सेंटिमीटर लांब, दुसरीची सुमारे सहा. पहिली भिंतीतून अधिक दूर जाते, पण तिचा वेग कमी. दुसरी वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून राउटर असलेल्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४ वापरावी. मोबाइलमध्ये ही नावे वेगळी दिसत नसतील, तर कारागिराकडून ती वेगळी करून घ्यावीत.

आता प्रत्यक्ष उपाय. राउटर शक्य तितका घराच्या मध्यावर आणि पुरुषभर उंचीवर ठेवावा. कपाटात, दूरदर्शन संचाच्या मागे, फ्रिजशेजारी किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये. चौकाच्या घरात तो पावसापासून सुरक्षित अशा जागी, चौकाकडील पडवीत लावावा. उघड्या चौकातून लहर विनासायास जाते आणि समोरच्या दारांतून खोल्यांत शिरते. भिंत फोडण्याचे कष्टच तिला पडत नाहीत. लहर भिंतीतून तिरकी गेली, की तीच भिंत तिला अधिक जाड पडते. म्हणून शक्यतो सरळ रेषा पाहावी. राउटरच्या काड्या उभ्या ठेवाव्यात, कारण लहरी काडीच्या टोकाकडून कमी आणि चोहोबाजूंना आडव्या अधिक पसरतात. वर माडी असेल, तर एखादी काडी आडवी करून पाहावी.

खिळा ठोकण्यापूर्वी एक परीक्षा करावी. राउटर तात्पुरता स्टुलावर ठेवून मोबाइल हाती घेऊन घरभर फिरावे. प्रत्येक खोलीत वेग पाहून कागदावर टिपावा. मग जागा बदलून पुन्हा फिरावे. तासाभराचे हे काम कित्येकदा नव्या यंत्राचा खर्च वाचविते.

इतके करूनही एखादी खोली कोरडी राहिली, तर दुकानदार रिपीटर सुचवील. तो घेतल्यास कोरड्या खोलीत ठेवू नये. जेथे सिग्नल अजून बरा आहे, अशा मधल्या जागी ठेवावा. जे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, ते तो पुढे काय देणार? शिवाय साध्या रिपीटरमुळे वेग बहुधा निम्म्यावर येतो. अतिजाड भिंतींच्या घरात खात्रीचा मार्ग म्हणजे तार. नेटवर्कची साधी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. ती दाराच्या चौकटीवरून मागल्या खोलीत न्यावी आणि तेथे दुसरा राउटर जोडावा. बिनतारी सुखासाठी थोडी तार ओढण्यात कमीपणा नाही.

हे सर्व कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. २०२० साली टाळेबंदीत मंदिरांची दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात उभे राहून जगाला आशीर्वाद दिला, तेव्हा घरोघरी लोक पडद्यापुढे जमले होते. आजारपणामुळे नाताळच्या उपासनेस जाऊ न शकलेल्या असिसीच्या संत क्लारेला ती उपासना आपल्या खोलीतच दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी तिला दूरदर्शनची आश्रयदाती ठरविले. आजही मागल्या खोलीत अंथरुणास खिळलेल्या आजीला मिस्सा पाहावयाची असेल किंवा परदेशी गेलेल्या नातवाचा चेहरा पाहावयाचा असेल, तर तिच्या खाटेपर्यंत सिग्नल पोहोचविणे हे एक प्रेमाचे कृत्यच होय.

मात्र लहर जशी आतल्या खोलीत जाते, तशी अंगणापलीकडेही जाते. राउटरबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तसेच मुलांनी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर, घराच्या मध्यावर बसावे. राउटरची उत्तम जागा तीच, आणि सायंकाळी सारे कुटुंब जपमाळेसाठी जमते ती जागाही बहुधा तीच असते. प्रार्थनेच्या त्या अर्ध्या तासात त्याचे बटण बंद करण्यास आईबापांनी संकोच करू नये.