फूटपाथ उखडलाय, नगरपालिका दाद देईना? लोकायुक्तांकडे तक्रार करण्याआधी हे वाचा

नंदुरबार : फूटपाथवरचे पेव्हर ब्लॉक निघालेत, गटारावरची फरशी मोडलीय. आजी-आजोबांना बाजारात जायचं तर खाली रस्त्यावर उतरून ट्रॅक्टर आणि ॲपेरिक्षांच्या मधून वाट काढावी लागते. समजा, तुम्ही नगरपालिकेत अर्ज दिला, पोच घेतली आणि सहा महिने उलटले तरी काहीच हललं नाही. मग जायचं कुणाकडे?

लोकायुक्त म्हटलं की मंत्री आणि घोटाळेच डोळ्यांसमोर येतात. पण १९७१ च्या महाराष्ट्र लोकायुक्त कायद्यात 'आरोप' आणि 'गाऱ्हाणं' अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकाऱ्याने पैसे खाल्ले, हा आरोप. अर्ज विनाकारण दाबून ठेवला आणि त्याचा त्रास तुम्हाला झाला, हे गाऱ्हाणं. उखडलेला फूटपाथ बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात बसतो. गाऱ्हाण्यासाठी मुदत १२ महिन्यांची आहे, आरोपासाठी ३ वर्षांची. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा, तारीख त्यावरूनच ठरते.

आधी रस्ता कुणाचा ते बघा

इथेच अनेक तक्रारी अडकतात. नगरपरिषद अधिनियम १९६५ नुसार सार्वजनिक रस्ते बांधणं आणि त्यांची देखभाल हे नगरपालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. पण गावातून जाणारा प्रत्येक रस्ता तिचा नसतो. तळोदा-शहाद्यातून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग जातो. त्याच्या कडेच्या फूटपाथबद्दल मुख्याधिकाऱ्यांना लिहिलं तर 'आमच्याकडे नाही' असं उत्तर येऊ शकतं, आणि ते खरंही असू शकतं.

हे तपासायला माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज पुरतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. रस्ता कुणाकडे आहे, फूटपाथचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, दिलेलं बिल आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो, एवढं मागा. शेवटचा मुद्दा सर्वांत कामाचा. तो कालावधी बाकी असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. 'निधी नाही' हे कारण मग टिकत नाही.

दरम्यान 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. या पायऱ्या चढून झाल्या असतील तर लोकायुक्तांपुढे तुमची बाजू भक्कम होते.

अर्ज कसा, पुढे काय?

मुंबईला जायची गरज नाही, अर्ज टपालाने पाठवता येतो. विहित नमुना आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. योग्य प्रकरणात लोकायुक्त प्रतिज्ञापत्राची अट माफ करू शकतात. विधिमंडळाने नवा लोकायुक्त कायदा मंजूर केला आहे, त्यामुळे पाठवण्याआधी सध्याचा नमुना कार्यालयातून विचारून घ्या. अर्जात तारखा लिहा, राग नको. 'नगरपालिका झोपलीय' या वाक्यापेक्षा जावक क्रमांक जास्त बोलतो.

एक गोष्ट आधीच कळलेली बरी. लोकायुक्त ब्लॉक बसवून देत नाहीत, ते शिफारस करतात. ती पाळली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल जातो आणि तो विधिमंडळासमोर येतो. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा लोकपाल आहे, आपल्याकडे तसा नाही.

कुणी पडून जखमी झालं असेल तर

फूटपाथ हा चालणाऱ्याचा घटनेतल्या कलम २१ खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, तर जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. नगरपरिषद हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे दावे बघते. दाव्यानंतर ६ ते ८ आठवड्यांत पैसे मिळायला हवेत. त्यामुळे पडल्याच्या दिवशीच जागेचा फोटो काढा आणि दवाखान्याचा केसपेपर सांभाळून ठेवा.