येऊन गेलेला लुळेपणा

मोयामोया या आजाराची पहिली नोंद जपानी डॉक्टरांनी १९५७ साली केली. नाव मिळायला १९६९ उजाडलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या कवटीच्या तळाशी आक्रसत जातात आणि पर्याय म्हणून फुटलेल्या बारीक वाहिन्यांचं जाळं क्ष-किरण चित्रात धुरासारखं दिसतं, म्हणून ते नाव. उपचार त्या मानाने लवकर सापडले. १९६७ मध्ये मेंदूचे शल्यविशारद यासरगिल यांनी झुरिचला डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूतल्या धमनीला जोडून दाखवली. मुलांच्या दोऱ्याएवढ्या वाहिन्यांना टाके घालणं कठीण, तेव्हा १९८०च्या सुमारास जपानी शल्यविशारद मात्सुशिमांनी ती धमनी न तोडता मेंदूवर नुसती अंथरली; काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या रुजतात. १९८५च्या मोठ्या चाचणीत जोडणीचा फायदा दिसला नाही, असं कोणी म्हणेल. पण ते रुग्ण चरबीने धमन्या तुंबलेले प्रौढ होते. तो निकाल मोयामोयाच्या मुलांना लावणं चूकच.

म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच बराचसा सुटला. रायगडच्या कर्जत-खालापुरात अडतं ते ओळखण्यापाशी. शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठायची, तर दादर लोकलने दोन तासांच्या आत. मोयामोया असलेलं मूल हमसून रडतं किंवा जोराने फुंकतं तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या धमन्या आवळतात, हात काही मिनिटं लुळा पडतो आणि पुन्हा चालू लागतो. जपानी डॉक्टर गरम नूडल्सवर फुंकर घालण्याचं उदाहरण देतात. आपल्या वाडीत चुलीपुढची फुंकणीही पुरेशी आहे. हात चालला की ‘वारं लागलं होतं’ म्हणून विषय मिटतो. त्यातून कातकरी कुटुंबं पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात. शाळेतली तपासणी मागे राहते, आणि भट्टीच्या उन्हात अंगातलं पाणी आटणं या मुलांना आणखी घातक.

म्हणून असा लुळेपणा आशाताईंनी विचारून हेरावा. कोणी म्हणेल, इतक्या विरळ आजारासाठी त्यांच्यावर नवं ओझं कशाला? जपानमध्येसुद्धा लाखामागे मोजकेच रुग्ण. मोयामोया शिकवायचा असता तर हा आक्षेप मान्यच. शिकवायचा आहे तो एक प्रश्न: लुळेपणा येऊन गेला का? हृदयदोष, आकडी, सिकलसेल यांचीही वाट त्यातून सापडते. सिकलसेलमध्येही धमन्या अशाच आक्रसू शकतात. १९९८च्या अमेरिकी चाचणीत धोका आधी हेरून नियमित रक्त दिलेल्या मुलांत पक्षाघात नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. खर्चाचं म्हणाल, तर जुलै २०१२मध्ये उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झालेल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता.

लुळेपणा किती वेळ, कोणत्या बाजूला, त्याआधी मूल काय करत होतं, एवढं कागदावर लिहा आणि कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा; हात बरा झाला असला तरी.