पिकलेले मद्य

विषयपत्रिकेवर ‘मद्य’ हा शब्द पाहून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांस आम्ही एवढेच सांगतो की, आजचा विषय नशा नसून वय हा आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, जिरोंद खाडीच्या काठी मेदोक नावाचा गोट्यागोट्यांच्या जमिनीचा पट्टा आहे. तेथल्या तांबड्या बोर्दो मद्याच्या बाटलीवर छापलेले साल हे द्राक्षे खुडल्याचे साल. १९६१ चेच पाहा. त्या वर्षी मे महिन्यात थंडीने फुलोरा गळाला, पीक अगदी थोडे आले; पण उरल्या घडांत सारा रस एकवटला. त्यातल्या उत्तम बाटल्या साठ वर्षांनंतरही पिण्याजोग्या निघतात.

हे घडते कसे? काबर्ने सोव्हिन्यों जातीच्या द्राक्षाच्या जाड सालीत आणि बियांत टॅनिन असते. कच्च्या सुपारीने जीभ आखडावी, तशी ती कोवळ्या मद्याने आखडते. वर्षांमागून वर्षे हे टॅनिन व सालीतले रंगद्रव्य एकमेकांस बिलगतात आणि जड होऊन तळाशी बसतात. जुन्या बाटलीतला गाळ तो हाच. तो दोष नव्हे. तुरटपणा निवतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि फळाचा वास मागे सरून देवदाराचे लाकूड, तंबाखू, ओला पालापाचोळा यांचा गंध वर येतो.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवावी. बूच ठिसूळ झालेले असते, तेव्हा हात हलका हवा. मग मेणबत्तीच्या उजेडासमोर मान धरून एका धारेने काचेच्या सुरईत ओतावे. गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबावे. तळाचे दोन घोट गेले म्हणून हळहळू नये. फार आधी ओतून ठेवणे मात्र घातक, कारण अतिजुन्या मद्याचा गंध हवेत अर्ध्या तासातही उडून जातो.

ठेवल्याने सर्वच मद्य सुधारते, हा निव्वळ भ्रम होय. बहुतेक मद्य दोनचार वर्षांतच प्यावयाचे असते. आमच्या नाशिककडचेही बहुतेक तसेच.

खरी पंचाईत निराळीच आहे. पक्वता बाहेरून कळत नाही. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्यांपैकी एकीचे बूच घट्ट राहते, दुसरीचे पाझरते. उघडल्यावाचून कळत नाही, आणि उघडली की संपली! म्हणून बारा बाटल्या घेणारे जाणकार एक दहाव्या वर्षी, एक पंधराव्या वर्षी, अशा उघडून पाहत जातात. नेमका काळ उमगतो तोवर खोक्यात दोनतीनच उरलेल्या असतात.