तुरुंग बघायला कशाला जायचं?

 गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की आपली गाडी पंढरपूर, तुळजापूर, माहूर, फार तर तिरुपतीपर्यंत जाते. मागच्या हिवाळ्यात मी अंदमानला जाऊन आले आणि तिथला जुना तुरुंग पाहिला, हे सांगितलं तेव्हा आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "एवढे पैसे घालून तुरुंग कशाला बघायचा गं? देव तरी बघावा, नाहीतर समुद्र तरी." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न खरा होता. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी ही जागा कुठं आहे ते बघू. भारताच्या पूर्वेला बंगालच्या उपसागरात अंदमानची बेटं आहेत. चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे 1,200 किलोमीटर. तिथलं मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. 2024 साली त्याचं नाव श्री विजयपुरम झालं. 1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी कैद्यांना ठेवायला ही बेटं निवडली आणि 10 मार्च 1858 ला पहिले 200 कैदी तिथं उतरवले. चारी बाजूंनी समुद्र, पळून जायचं कुठं? त्यात समुद्र ओलांडला की जात बाटते, असा त्या काळचा समज. म्हणून लोक त्या शिक्षेला 'काळं पाणी' म्हणत. माणूस गेला म्हणजे संपला, असंच घरची मंडळी समजत.

सुरुवातीला कैदी बराकीत एकत्र राहत आणि रानात लाकूडतोड, रस्ते अशी कामं करत. पुढं सरकारला वाटलं, की ही माणसं एकत्र आहेत तोवर शिक्षा पुरती लागत नाही. मग 1896 मध्ये नवा तुरुंग बांधायला घेतला आणि तो 1906 मध्ये पुरा झाला. विटा ब्रह्मदेशातून आणल्या, राबले मात्र कैदीच. आपला तुरुंग आपल्याच हातानं बांधायचा! इंग्रजीत कोठडीला सेल म्हणतात. या तुरुंगात कोठड्याच कोठड्या, म्हणून नाव पडलं सेल्युलर जेल.

आता मी सांगते तसं मनात चित्र काढा. बैलगाडीचं चाक आठवा. मधे तुंबा आणि तिथून निघालेल्या आऱ्या. तसा मधे एक उंच मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात लांब इमारती. प्रत्येक इमारत तीन मजली. सगळ्या मिळून सुमारे 700 कोठड्या. एका कोठडीत एक माणूस. लांबी साडेतेरा फूट, रुंदी सात फूट. मागच्या भिंतीला, हात पुरणार नाही इतक्या उंचावर एक झरोका. पुढं गजांचं दार. त्याची कडी दारापासून दूर, भिंतीतल्या खाचेत, म्हणजे आतून कितीही हात लांबवला तरी पोचू नये.

खरी मेख पुढं आहे. प्रत्येक इमारतीचं तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडं. त्यामुळं दारात उभं राहिलं तर समोर फक्त भिंत दिसायची. समोरच्या माणसाचा चेहरा नाही, खूण नाही. शेजारच्या कोठडीत कोण आहे, तेही दिसायचं नाही. मधल्या मनोऱ्यावरून पहारेकऱ्याची मात्र सगळीकडं नजर.

मी एका कोठडीत जाऊन उभी राहिले. आमच्यासोबतच्या बायका बाहेर बोलत होत्या, तरी दोन मिनिटांत जीव घाबरा झाला. कोठडीत साप नाही, विंचू नाही, काहीच नाही. ते 'काहीच नाही' हीच तिथली शिक्षा. संध्याकाळी कोंडलं की सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. देहधर्मासाठी एक मातीचं भांडं. त्याचा अर्थ आपल्याला फोड करून सांगायला नको.

दिवसा काम. नारळाचा काथ्या कुटायचा किंवा तेलाचा घाणा ओढायचा. त्याला तिथं कोलू म्हणत. आपल्याकडं घाण्याला बैल असायचा. तिथं बैलाच्या जागी माणूस. रोज 30 पौंड खोबरेल काढून द्यायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. कमी पडलं तर हातापायांत बेड्या, उपास किंवा फटके. काम करताना बोलायचं नाही. मला जातं आठवलं. आपल्या आज्या-पणज्याही पहाटे दळायच्या आणि कष्ट त्यांनाही होते. पण जात्याला दोघी बसायच्या, तोंडात ओवी असायची. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी तर दळताना विठ्ठलालाच सोबतीला बोलावलं. कष्टात सोबत असली की कष्ट सोसवतात. त्या तुरुंगानं नेमकी ती सोबतच काढून घेतली होती.

हे सोसणारे कोण होते? बहुतेक बंगालची तरुण पोरं, त्याखालोखाल पंजाब आणि उत्तर प्रदेशची. आपल्या महाराष्ट्रातून नाशिकचे बाबाराव सावरकर, त्यांचे धाकटे भाऊ विनायकराव, आणि वामन जोशी. विनायकरावांना दोन जन्मठेपा, म्हणजे 50 वर्षं झाली होती. 1911 मध्ये ते तिथं पोचले. गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं 1960! दोघे सख्खे भाऊ एका तुरुंगात, पण बराच काळ त्यांची गाठ पडू दिली नाही. सुटकेसाठी विनायकरावांनी सरकारकडं अर्ज केले, त्यावरून आजही मतभेद आहेत. 1921 मध्ये दोघांना तिथून हलवलं. त्या तुरुंगात इंदुभूषण रॉय यांनी 1912 साली गळफास घेतला. उल्हासकर दत्त यांच्या मनावर परिणाम झाला, त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यावं लागलं. भिंतींनी आपलं काम केलं होतं.

आता मैत्रिणींनो, या तुरुंगाची दुसरी बाजू सांगते. ती तिथं दिसत नाही. ती नाशकात होती.

बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई. घरात त्यांना येसूवहिनी म्हणत. नवऱ्याच्या अटकेआधीपासूनच त्यांनी नाशकात आत्मनिष्ठ युवती संघ नावानं बायका एकत्र केल्या होत्या. देशी वस्तू वापरायच्या, देशाबद्दल बोलायचं, हे त्या सव्वाशे वर्षांपूर्वी करत होत्या. म्हणजे म्हटलं तर तुमच्या-आमच्या गटाची थोरली बहीणच. 1909 मध्ये बाबारावांना जन्मठेप झाली. घरावर जप्ती आली. सरकारच्या भीतीनं लोक ओळख दाखवेनासे झाले. कालपर्यंत ज्या घरात बायकांची बैठक भरायची, तिथं पाऊल टाकायला माणसं घाबरू लागली. बघा, कोठडी एकट्या अंदमानात नव्हती. इकडं घराचीही कोठडी झाली होती. फक्त तिला गज नव्हते.

तुरुंगातून वर्षाला एक पत्र यायचं. येसूवहिनी भेटीची वाट बघत राहिल्या. एकदा तरी नवऱ्याचं तोंड बघू द्या, एवढंच मागणं. दहा वर्षं गेली. 1919 मध्ये अखेर भेटीची परवानगी आली, तेव्हा येसूवहिनी या जगात नव्हत्या. विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई आणि धाकटे दीर नारायणराव समुद्र ओलांडून गेले. बाबारावांच्या भेटीला त्यांची पत्नी नव्हती, तिच्या मरणाची बातमी होती.

तुरुंगाच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर प्रांतवार कैद्यांची नावं कोरली आहेत. मी त्या वाचत उभी राहिले आणि मनात आलं, की यातल्या प्रत्येक नावामागं एक तरी बाई असेल. आई, बायको, बहीण. शिक्षा तिलाही झाली, फक्त तिच्यावर खटला चालला नाही. म्हणून तिचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही, आणि जे कागदावर नाही ते दगडावर कुठून येणार?

मग हा तुरुंग मोडला कसा? माणसांना सुटं करण्यासाठी तो बांधला होता. माणसं एक झाली, तेव्हा तो हरला. 1933 च्या मे महिन्यात कैद्यांनी मिळून उपोषण केलं. मागणं काय होतं? खाण्याजोगं अन्न, अंगाला साबण, रात्री दिवा, वाचायला पुस्तकं, आणि एकमेकांशी बोलू द्या. सरकारनं नाकात नळ्या घालून जबरदस्तीनं दूध पाजायला सुरुवात केली. त्यात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे दगावले. बाकीच्यांनी माघार घेतली नाही. शेवटी सरकारला बऱ्याच मागण्या मानाव्या लागल्या. त्यानंतर त्याच तुरुंगात कैदी एकमेकांना शिकवू लागले, वर्ग भरू लागले. 1937 मध्ये दुसरं मोठं उपोषण झालं. देशभर सभा झाल्या. महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांनीही त्यात लक्ष घातलं. जानेवारी 1938 पर्यंत राजकीय कैद्यांना भारतात परत आणलं गेलं.

आज सातपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. पाडलेल्या भागात सरकारी दवाखाना झाला आहे. जिथं माणसं खचवली जात, तिथं आता आजारी माणसं बरी होतात, बाळंतपणं होतात. 11 फेब्रुवारी 1979 ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केला. संध्याकाळी आवारात प्रकाश आणि आवाजाचा कार्यक्रम होतो. त्यात अंगणातला पिंपळ सगळी कहाणी सांगतो.

असा तुरुंग एकट्या आपल्याच देशात नव्हता. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन नावाच्या बेटावर नेल्सन मंडेला यांनी 27 वर्षांच्या कैदेतली 18 वर्षं काढली. तिथंही आधी सहा महिन्यांतून एक पत्र आणि अर्ध्या तासाची एक भेट. आज त्या बेटावर पाहुण्यांना तुरुंग दाखवायचं काम तिथं राहिलेल्या जुन्या कैद्यांनीच केलं आहे. जुलूम करणारे सगळीकडं एकच युक्ती करतात, माणसाला माणसापासून तोडायचं.

गटानं जायचं ठरवलं तर थोडी माहिती सांगते. परभणीहून रेल्वेनं सिकंदराबाद, आणि पुढं हैदराबाद किंवा चेन्नईहून विमान. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही असतं, पण त्याला तीनेक दिवस लागतात. तारखा ठरलेल्या नसतात, त्या आधी विचारून घ्याव्यात. पावसाळा टाळा. तिथं जूनपासून जोराचा पाऊस असतो. ऑक्टोबरनंतर बरं. आधार कार्ड जवळ ठेवा. खर्च मोठा आहे, म्हणून वर्ष-दोन वर्षं वेगळी बचत करावी लागेल. स्मारकाची वेळ आणि सुट्टीचा वार तिथं पोचल्या पोचल्या विचारा. जिने पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या कोठड्या बघितल्या तरी चालतं, वर-खाली सगळ्या सारख्याच आहेत.

आणि जाणं नाहीच जमलं, तरी एक काम गावात बसून करता येईल. आपला परभणी जिल्हा 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला नव्हता. आपण निजामाच्या राज्यात होतो. 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो. त्या लढ्यात आपल्या भागातली माणसं निजामाच्या तुरुंगात गेली, कित्येक घरं सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिली. बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बाया तर स्वतःच लढ्यात उतरल्या. पण मागं राहून रात्री-अपरात्री भाकरी थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, लेकरं सांभाळत वाट बघणाऱ्या बायांची नावं कुणी लिहिली?

त्या वेळी बारा-चौदा वर्षांच्या पोरी असलेल्या आज नव्वदीत आहेत. गावात अशी एखादी आजी असेल तर पुढच्या बैठकीआधी तिच्याकडं जाऊन बसा. विचारा, "रझाकारांच्या वेळी तुम्ही कुठं होता? घरातलं कोण गेलं होतं? मागं घर कुणी चालवलं?" ती सांगेल ते गटाच्या वहीत लिहा, आणि तिचं स्वतःचं नाव लिहा, अमक्याची आई म्हणून नको.

मावशींना मी एवढंच सांगितलं, की तुरुंग बघायला गेले आणि येताना तुमचीच आठवण आली. इथं आपण गोल करून बसतो, एकमेकींची तोंडं दिसतात. त्यासाठी तिथं माणसांनी जीव दिला. मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझी आजेसासू सांगायची काहीबाही. लिहून घेतलंच नाही की गं कुणी."

लिहून घ्या, मैत्रिणींनो.