आधार दाढेचा नव्हे, हाडाचा

पुढे आलेले दात मागे घ्यायचे, तर बहुतेकदा उपदाढा काढून जागा करतात आणि मागच्या दाढांच्या आधाराने पुढचे दात ओढतात. पण न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही लागू होतो. दात मागे येतात, तशा दाढाही पुढे सरकतात आणि मिळवलेली जागा खातात. यावर कित्येक वर्षं उपाय होता हेडगिअरचा: डोक्याला किंवा मानेला पट्टा, तोही रोज बारा-चौदा तास. वयात येणारी मुलं तो टाळत, उपचार रखडत आणि ठपका मुलांवरच येई. हा अन्यायच होता.

आधार थेट जबड्याच्या हाडातून घ्यावा, हा विचार जुना आहे. १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिग्ली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू बसवून लगेच ताण दिला. साधारण महिनाभरात सगळे निसटले. पुढे स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे दाखवलं, पण दातांसाठीचे ते इम्प्लांट दोन मुळांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मावण्याजोगे नव्हते.

१९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी एका रुग्णाच्या नाकाच्या तळाशी, वरच्या जबड्यात एकच स्क्रू बसवला. दहा दिवस थांबून हलक्या इलॅस्टिक धाग्याने ताण दिला. वर्षभरात पुढचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर गेले. स्क्रू जागचा हलला नाही. रुग्ण एकच होता, तरी माझ्या मते खरं वळण हेच.

१९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी १.२ मिलिमीटर व्यासाचा, ६ मिलिमीटर लांबीचा स्क्रू वापरला. पाठोपाठ कोरियात ह्यो-सांग पार्क यांनी असे स्क्रू रोजच्या उपचारात रुळवले. या स्क्रूने हाडाशी एकजीव व्हावं अशी अपेक्षाच नसते. हाडाची पकड पुरते आणि काम झालं की तो उलटा फिरवून काढता येतो. बसवायला हिरडीपुरती भूल पुरते.

तरी तो अचूक मानू नये. २०१२ च्या एका एकत्रित आढाव्यात शंभरातले तेरा-चौदा स्क्रू निकामी ठरले होते. मुळाला खेटून बसलेला किंवा भोवतीची हिरडी सुजलेला स्क्रू सैल पडण्याचा धोका जास्त.

तुमच्या मुलाला असा स्क्रू सुचवला असेल, तर तो नेमका कोणत्या दातासाठी आणि किती महिने, हे डॉक्टरांना विचारा. बसवल्यावर भोवती मऊ ब्रश रोज फिरवा, आणि तो हलतोय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.